ए बार्शी!

मे महिना अर्धा सरला की एका सकाळी माझा फोन वाजतो आणि नमस्कार-चमत्कार न करता पलीकडून आवाज येतो, "सर, यंदाची पोरं कधी उतरवताय?"

'उतरवणं' हे क्रियापद लोणावळ्याचे अण्णा शेंगदाण्याच्या पोत्यांसाठीही वापरतात. शेंगदाणा गुजरातेतून उतरतो, गूळ कोल्हापूरकडून उतरतो आणि पोरं पुण्याहून सकाळच्या लोकलनं उतरतात. तिन्ही मालांची पारख करायची अण्णांची पद्धत एकच. मूठभर उचलायचा, हातावर खेळवायचा, फुंकर मारून फोलपट उडवायचं आणि एक दाणा तोंडात टाकायचा. पोरांच्या बाबतीत शेवटची पायरी तेवढी गाळतात.

मी पुण्यात एका एमबीए कॉलेजात शिकवतो. पहिल्या वर्षाची परीक्षा आटपली की प्रत्येकानं आठ आठवडे कुठल्या तरी उद्योगात जाऊन काम करायचं, त्यावर रिपोर्ट लिहायचा आणि तो आपणच लिहिलाय हे तोंडी परीक्षेत पटवून द्यायचं, असा आमच्या विद्यापीठाचा नेम आहे. कागदोपत्री त्याला समर इंटर्नशिप प्रोजेक्ट म्हणतात. 'समर' हा शब्द लोणावळ्याला फारसा लागू पडत नाही, कारण आठातले सहा आठवडे पोरं छत्रीखाली काढतात. हुशार पोरं मुंबईच्या बँकांत जातात, ओळखीपाळखीची हिंजवडीला जातात, तळेगाव-चाकणच्या मोठ्या कारखान्यांत गळ्यात पट्टा अडकवून मिरवणारी वेगळीच. उरलेल्यांतली दोन-तीन दरवर्षी अण्णांकडे जातात.

अण्णांचा चिक्कीचा कारखाना आहे. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर पुढं दुकान, मागं भट्टी, माडीवर पॅकिंग आणि जिन्याखाली अण्णांचं ऑफिस. ऑफिसात बसलेल्या माणसाला ताठ उभं राहता येत नाही, त्यामुळे अण्णांना भेटून बाहेर पडणारा प्रत्येक जण आदरानं वाकलेला दिसतो. अण्णा स्वतः बुटके आहेत. त्यांना ही अडचण कधी कळलीच नाही. एका मुलीनं रिपोर्टात 'ऑफिसची उंची वाढवावी' अशी शिफारस केली तेव्हा त्यांनी मला विचारलं होतं, "ही माझ्या शिक्षणाबद्दल बोलतीय का?"

अण्णांसारखा माणूस एकटा नाही, मावळात ही एक जातच आहे. पवन मावळातल्या गुलाबाच्या पॉलिहाउसमध्ये ती सापडते. तिथं एमबीएची पोरं फुलांच्या दांड्या सेंटिमीटरवर मोजून जुड्या बांधतात आणि रिपोर्टाला 'एक्स्पोर्ट लॉजिस्टिक्स' असं नाव देतात. कामशेतच्या भातगिरणीत ती सापडते. गिरणीमालक पोराच्या हातात इंद्रायणीची मूठ देऊन म्हणतो, वास घे, हाच आपला ब्रँड. हा तांदूळ वडगावच्या भात संशोधन केंद्रातून 1987 साली बाहेर आला, एवढी तरी माहिती पोरगं त्या निमित्तानं घेऊन येतं. पवना धरणाच्या काठी तंबू टाकून बसलेल्यांतही ती सापडते. या साऱ्यांचं एक वाक्य समान असतं. छाती थोडी पुढं काढून ते म्हणतात, "आपण काय, पोरांना अनुभव देतो."

'देतो' या शब्दावर अण्णांचा भर असा असतो, की ऐकणाऱ्याला वाटावं हा माणूस अन्नछत्र चालवतोय. वास्तविक काउंटरवर एमबीएचं पोरगं उभं केलं की पहिल्याच दिवशी अण्णांची वसुली सुरू होते. अर्धा किलो क्रश चिक्कीसाठी घासाघीस करणाऱ्या मुंबईकर बाईंना अण्णा गल्ल्यावरून सांगतात, "ताई, तो एमबीए करतोय. पुण्याहून आपल्याकडं शिकायला येतो." ताई एकदा पोराकडं बघतात, एकदा चिक्कीकडं, आणि मुकाट्यानं पैसे काढतात. इतक्या शिकलेल्या माणसानं सांगितलेला दर चुकीचा कसा असेल!

अण्णा पोरांची नावं लक्षात ठेवत नाहीत. दरवर्षी दोन-तीन, त्यात निम्म्यांची नावं साईराज नाहीतर वैष्णवी. त्यामुळे त्यांनी आपली सोय करून घेतली आहे. जे पोरगं जिथून आलं ते त्याचं नाव. "ए बार्शी, काटा पुस." "नांदेड जेवला का?" एकदा दोन पोरं नगरचीच आली. तेव्हा अण्णांनी एकाला नगर आणि दुसऱ्याला दौंड केलं. तो बिचारा सांगत राहिला की मी दौंडला फक्त गाडी बदलतो. आठ आठवडे तो दौंडच राहिला आणि शेवटी प्रशस्तिपत्रकातही गावाच्या जागी दौंडच छापून आलं.

पहिल्या आठवड्यात मला पोरांचे रडके फोन येतात. "सर, मी मार्केटिंग स्पेशलायझेशन घेतलंय आणि हे मला शेंगदाणे निवडायला बसवतात." त्यांचं म्हणणं खरं असतं. पहिले सहा दिवस अण्णा कुणालाही संगणकाला हात लावू देत नाहीत. दाणे निवडा, भाजलेल्या दाण्याचं साल चोळून पाखडा, पाक कधी उतरतो ते भट्टीजवळ उभं राहून बघा. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकायचा आणि तो काचेसारखा कटकन मोडला की कढई खाली घ्यायची. एका क्षणाचा उशीर झाला की गूळ कडवट होतो, एका क्षणाची घाई झाली की चिक्की दातांना धरून बसते. हे कुठल्याही स्लाइडवर येत नाही, असं अण्णांचं मत आहे आणि ते मला मान्य आहे. फक्त सहा दिवस? या प्रश्नावर ते म्हणतात, "रविवारी पोरांना सुट्टी असते म्हणून."

आता मुख्य गोष्ट सांगतो. ती मला स्वतःला कळायला तीन-चार वर्षं लागली.

लोणावळ्याचा जुलै म्हणजे टॉवेल दोन-दोन दिवस वाळत नाही आणि काडेपेटी पेटत नाही. याच दिवसांत भुशी धरणाच्या पायऱ्यांवर बसून भिजायला मुंबई आणि पुणे दोन्ही रिकामी होऊन येतात. वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावं म्हणून रेल्वेनं बांधलेलं हे धरण आता निम्म्या लोणावळ्याचं पोट चालवतं. म्हणजे ज्या ऋतूत चिक्कीला गिऱ्हाईक सर्वांत जास्त, त्याच ऋतूत चिक्कीचा जीव सर्वांत कासावीस. गूळ हवेतलं पाणी ओढून घेतो, चिक्की मऊ पडते, पाझरते, कागदाला चिकटते. दर जुलैत पुण्याच्या दुकानदारांकडून अण्णांकडं पाकिटं परत यायची आणि दर जुलैत अण्णा म्हणायचे, "पावसाळाय. व्हायचंच."

त्या वर्षी नगरचा (खरा नगरचा) एक मुलगा आला होता. अबोल, जाड चष्म्याचा. वर्गात त्याचा आवाज मी दोनदाच ऐकला होता, दोन्ही वेळा 'हजर' म्हणताना. अण्णांनी त्याला परत आलेल्या पाकिटांची नोंद करायला बसवलं, म्हणजे अडगळीत टाकलं. त्यानं पाकिटं फोडून बघितली आणि त्याला एक प्रश्न पडला. पाकीट बाहेरून कोरडं आणि आतून ओलं कसं? पाऊस तर बाहेर आहे.

मी नेमका त्या दिवशी भेटीला गेलो होतो. माडीवर पॅकिंगच्या टेबलापाशी कुरवंड्याहून येणाऱ्या मावशी पिशव्यांना सील मारत बसल्या होत्या. पोरानं पाकीट त्यांच्यासमोर धरलं.

"मावशी, ही आतनं ओली कशानं?"

"घाम येतो तिला."

"कुणाला?"

"चिक्कीला. तू धावत येऊन गरम अंगावर रेनकोट चढव अन् पाच मिनिटांनी काढून बघ. तसंच आहे ते. शनिवारी-रविवारी खालनं ओरडतात, माल पाठवा, माल पाठवा. गरमच भरायला लागतो."

"हे तुम्ही सांगितलं नाही का?"

"पंधरा वर्षं सांगतीय."

"कुणाला?"

मावशींनी सील मारलं, पिशवी बाजूला टाकली आणि म्हणाल्या, "कढईला."

पोरानं वही काढली. पुढचे तीन दिवस तो चिक्कीच्या ट्रेशेजारी मोबाइलवर वेळ लावून बसला. रिपोर्टात त्यानं या विषयावर चौदा पानं लिहिली, आकृत्यांसकट. कामाची गोष्ट मात्र खडूची निघाली. ट्रे पंख्याखाली ठेवला की त्याच्या कडेवर खडूनं वेळ लिहायची आणि माल पूर्ण निवल्याशिवाय मावशींनी पिशवीला हात लावायचा नाही, मग खाली कुणी कितीही ओरडो. त्यानंतर पाकिटं परत येणं कमी झालं. अण्णांना एक खडूची पेटी आणि एका पोराचे तीन दिवस एवढाच खर्च आला.

मी अण्णांचं अभिनंदन करायला जिन्याखाली वाकलो. अण्णा सुपारी कातरत होते. "सर, हे मला ठाऊकच होतं," ते म्हणाले. "म्हटलं, पोरगं आपणहून शोधतंय का बघावं."

हे अण्णांचं पालुपद. दरवर्षी एखादं पोरगं काहीतरी शोधून काढतं आणि दरवर्षी अण्णांना ते ठाऊकच असतं. बार्शीच्या मुलीनं कापताना पडणारा चुरा आठवडाभर वजन करून ठेवला. तो तोवर चव बघायला, पोराटोरांना वाटायला आणि मुंग्यांना जात होता. तिनं तो बरण्यांत भरला आणि छत्री घेऊन गावातली आइस्क्रीमची दुकानं आणि हॉटेलं पालथी घातली. आज तो चुरा आइस्क्रीमवर पेरला जातो आणि त्याचं वेगळं बिल होतं. "मला ठाऊकच होतं. तिच्याकडनं वदवून घेतलं." नांदेडच्या मुलानं दुकान मोबाइलच्या नकाशावर चढवलं. खूण ठेवताना त्याचं बोट सरकलं आणि आठ दिवस अण्णांचं दुकान वलवण तलावाच्या मधोमध दिसत होतं. एक कुटुंब थेट काठापर्यंत जाऊन तिथून फोन करत होतं, की इथून पुढं कसं यायचं? याही वेळी अण्णांना ठाऊकच होतं. "आपलं नाव पाण्यावर तरंगतं का ते बघत होतो," म्हणाले.

मला वाटतं, अण्णांसारख्या मालकांना पोरांकडून काय मिळतं याचा हिशेब आम्ही कॉलेजवाले चुकीच्या वहीत मांडतो. आमच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं, की उद्योगांना अद्ययावत ज्ञान मिळतं. कसलं अद्ययावत ज्ञान! पहिल्या वर्षाच्या पोराला अण्णांपेक्षा धंद्यातलं काय जास्त कळणार? त्याला काहीच कळत नाही, हीच त्याची किंमत. घरात वीस वर्षं वावरलेला माणूस 'हे असं का?' म्हणून विचारू शकत नाही. कामगारानं विचारलं तर उद्धट, मुनीमानं विचारलं तर संशयी, बायकोनं विचारलं तर भांडण. बाहेरून आठ आठवड्यांसाठी आलेलं, कुणाच्या अध्यात-मध्यात नसलेलं पोरगं मात्र तोंड वर करून विचारतं आणि अण्णांना उत्तर द्यावं लागतं. उत्तर देता देता मध्येच थांबावंही लागतं, कारण उत्तर नसतं.

रिपोर्ट मात्र अण्णा वाचत नाहीत. प्रत्येक पोरगं काळ्या रेक्झिनच्या बांधणीतली, सोनेरी अक्षरांची एक प्रत त्यांना देऊन जातं. त्यात प्रश्नावली असते ('चिक्कीच्या चिकटपणाबाबत आपण कितपत समाधानी आहात? पाचपैकी एका पर्यायावर खूण करा'), रंगीत वर्तुळं असतात, शंभर ग्राहकांची मतं असतात. त्यांतली साठ एका रात्रीत होस्टेलवर गोळा झालेली असतात हे मलाही ठाऊक असतं. अण्णांनी या ग्रंथसंपदेची उत्तम व्यवस्था लावली आहे. काट्याच्या टेबलाचा एक पाय आखूड आहे, त्याखाली बार्शी. टेबलफॅन नांदेडवर. दोन्ही नगर एकावर एक रचून त्यावर पाण्याचा माठ. "सगळ्यांचा उपयोग होतो," अण्णा अभिमानानं सांगतात.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेता येत नाही. अण्णा पोरांना पैसे देत नसत. दुपारचं जेवण, लोकलचा पास, जाताना दोन किलो चिक्की, झालं. आयटीआयच्या शिकाऊ उमेदवाराला 1961 च्या कायद्यानं विद्यावेतनाचा आधार तरी आहे; आमच्या पोरांचं काम पडलं अभ्यासक्रमाचा भाग. आणि अभ्यासाचे पैसे कोण देतो? असं अण्णा म्हणायचे आणि मीही मान डोलवायचो. मग कोल्हापूरची एक मुलगी आली. दुसऱ्या आठवड्यात तिनं गुळाच्या ढेपा मोजता मोजता विचारलं, "अण्णा, आमच्याकडचा गूळ तुम्ही रोखीनं घेता की फुकट?"

"रोखीनं. उधारीवर कोण देतंय? का गं?"

"मीपण कोल्हापूरचीच आहे."

अण्णा आधी मोठ्यांदा हसले. मग बराच वेळ कुणाशी बोलले नाहीत. शेवटच्या दिवशी त्यांनी तिला एक पाकीट दिलं आणि पुढच्या वर्षीपासून पहिल्याच दिवशी आकडा सांगायला लागले. त्याला पगार म्हणत नाहीत, 'वाटखर्ची' म्हणतात. रक्कम फार नाही, पण ठरलेली आहे. मी इतकी वर्षं अण्णांना कॉलेजच्या लेटरहेडवर आभाराची पत्रं देत आलो होतो. हा प्रश्न मला एकदाही सुचला नव्हता, हे इथं नोंदवून ठेवतो.

2024 मध्ये सरकारनं मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना जाहीर केली. बारावी झालेल्याला महिना 6,000, आयटीआय किंवा पदविकावाल्याला 8,000 आणि पदवीधराला 10,000 रुपये सरकारच देणार, मुदत सहा महिने. वर्तमानपत्राचं कात्रण अण्णांनी मला वाचायला दिलं तेव्हा मला वाटलं, आता गडी खूष. अण्णांनी मान हलवली. "पैशाचं सोडा हो. सहा महिने लई झाले. सहा महिने इथं राहिलं तर पोरगं आमच्यासारखं होईल. मग विचारणार कोण? आठ आठवडेच बरे." मी चकित होऊन बघत राहिलो. जी गोष्ट समजायला मला तीन-चार वर्षं लागली ती या माणसाला खरोखरच ठाऊक होती. फक्त एवढीच ठाऊक होती.

एकदा कॉलेजनं उद्योजकांचा मेळावा घेतला तेव्हा अण्णांना न्यायला मीच गेलो. पांढरा सफारी, हातात तीन किलोची पिशवी. लोकल तळेगावला थांबली तेव्हा मी त्यांना सांगितलं, अण्णा, आपल्या मावळात पोरांना कामावर घेऊन शिकवायची पद्धत फार जुनी आहे. याच तळेगावात 1908 साली पैसाफंडाचा काच कारखाना निघाला. अंताजी दामोदर काळे या माणसानं माणशी वर्षाला एक पैसा मागत गावोगाव निधी उभा केला, लोकमान्यांनी त्यामागं आपलं वजन घातलं आणि परदेशात शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय कारखान्यावर आले. काच तर बनवायचीच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे काच बनवणारी पोरं तयार करायची. भट्टी हीच शाळा. तिथं शिकलेली माणसं देशभर गेली आणि ठिकठिकाणच्या काच कारखान्यांत कामाला लागली.

अण्णांनी खिडकीबाहेर बघितलं. "म्हणजे पोरं शिकली आणि निघून गेली?"

"हो."

"अन् ह्यांनी जाऊ दिली?"

"त्यासाठीच तर कारखाना काढला होता."

घोरावाडी गेलं, बेगडेवाडी गेलं. अण्णा गप्प. देहूरोडला गर्दी आत शिरली तेव्हा त्यांनी पिशवी मांडीवर घेतली आणि हळूच विचारलं, "सर, आपली बार्शी कुठं चिक्कीचं दुकान तर काढणार नाही ना?"

"ती बँकेत लागली, अण्णा."

"हां," ते म्हणाले. सुटल्यासारखा श्वास सोडला खरा, पण चेहरा थोडा पडलाच. "काढलं असतं तर चाललं असतं तिला. डोकं होतं."

पोरं गेली तरी एक राहिला. जळगाव. आठ आठवडे संपले तेव्हा त्यानं अण्णांना सांगितलं, पदवी झाली की मी इथंच येतो, आणि खरंच आला. आज दुकान तोच बघतो. नवा माणूस ठेवायचा म्हणजे मुलगी बघायला गेल्यासारखं, पोहे खाऊन अर्ध्या तासात आयुष्याचा निकाल. अण्णांचं म्हणणं असं, "जळगावला मी दोन महिने बघितला. भिजलेला बघितला, उपाशी बघितला, गिऱ्हाइकानं आईवरनं शिवी दिली तेव्हा बघितला. माझ्या बायकोनंसुद्धा लग्नाआधी मला एवढा बघितला नव्हता." आतून काकूंचा आवाज आला, "बघितला असता तर?" अण्णांनी विषय बदलला.

शेवटच्या दिवशी मूल्यमापनाचा फॉर्म असतो. वक्तशीरपणा, संवादकौशल्य, नेतृत्वगुण, पाचपैकी गुण. अण्णा सगळ्यांना सगळीकडं पाच देतात, फक्त नेतृत्वगुणापुढं दोन. मी एकदा कारण विचारलं. "इथं नेता एकच आहे, सर." प्रशस्तिपत्रक पोरं स्वतःच इंग्रजीत टाइप करतात आणि अण्णांना मराठीत समजावून सांगतात. अण्णा डोळे मिटून ऐकतात आणि एखादं विशेषण जास्त वाटलं तर हातानं काप असा इशारा करतात, चिक्कीची कड कापावी तसा.

यंदाचा फोन मात्र वेगळा आला. मे महिन्याचा तिसरा आठवडा, सकाळ, तोच आवाज. "सर, यंदाची पोरं कधी उतरवताय? तीन धरा. एक आमचं."

अण्णांचा मुलगा गेल्या वर्षीच आमच्या कॉलेजात दाखल झाला होता. त्याला हिंजवडीला जायचं होतं. मी म्हणालो, "अण्णा, घरच्याच धंद्यात इंटर्नशिप? लोक नावं ठेवतील. आणि तो घरातच आहे की, काय शिकायचं ते तसंही शिकेल."

पलीकडं जरा शांतता. मग अण्णा म्हणाले, "त्याचं शिकायचं नाही हो. तो घरात सारखं काहीतरी सांगत असतो. जेवताना सांगतो, टीव्ही बघताना सांगतो. बाप म्हणून मला ऐकू येत नाही. कॉलेजचं पत्र घेऊन आला तर ऐकावं लागेल."

जूनच्या पहिल्या सोमवारी मी मुद्दाम गेलो. बाहेर धो धो पाऊस, आत भट्टीची धग आणि गुळाचा वास. परभणी, सांगली आणि अण्णांचा मुलगा, तिघं गळ्यात कॉलेजचं ओळखपत्र अडकवून जिन्यापाशी ओळीत उभे. तिघांच्याही हातात माझं पत्र. अण्णांनी तिन्ही पत्रं चष्मा लावून वाचली, तिसरं जरा जास्त वेळ.

"ए परभणी, माडीवर. दाणे निवडायचे. ए सांगली, तू भट्टीपाशी उभी राहा, लांबनं." तिसऱ्याकडं वळले आणि अडखळले. वीस वर्षं ज्याला बाळ्या म्हणत आले त्याला एमबीए म्हणून काय हाक मारायची? घसा खाकरला. "ए लोणावळा."

"हो, अण्णा." घरी तो बाबा म्हणतो.

"तू काय करणार?"

"आधी मागच्या सगळ्यांचे रिपोर्ट वाचणार. त्यांनी शोधलेलंच पुन्हा कशाला शोधायचं?" आणि त्यानं बॅग खाली ठेवली, गुडघ्यावर बसला आणि काट्याच्या टेबलाखाली हात घातला.

"ए! ए लोणावळा!" अण्णा गल्ल्यावरून उठले आणि ताडकन जिन्याला डोकं आपटलं. आयुष्यात पहिल्यांदा. "नांदेड घे, दोन्ही नगर घे, बार्शीला हात लावू नकोस! काटा हलेल!"

जिन्यावरून मावशी ट्रे घेऊन उतरत होत्या. मधल्या पायरीवर थांबून म्हणाल्या, "त्या पायाला एक पाचर ठोका म्हणून कधीची सांगतीय."

टेबलाखालून पोरानं मान बाहेर काढली. "कुणाला, मावशी?" आणि खिशातलं पेन काढलं.